पूजेत मांडलेले कागद

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कुणाची मागते तेही नक्की नाही, कारण हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. आमच्या गावातली शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा दुसऱ्या गावात, आणि तिकडे मुलींना कुणी पाठवत नव्हतं. त्यानंतर माझा हात पेनापेक्षा पिठातच जास्त राहिला. कागदसुद्धा पाठकोरे आहेत, लेकीने छापलेले आणि चुकले म्हणून बाजूला टाकलेले. यांच्या दुसऱ्या बाजूला इंग्रजी ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीच्या आधी एक आकडा आहे. त्या आकड्यांपायी आमच्या घरात एका दसऱ्याला जे झालं, ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही थेरगावात राहतो, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. मूळचे मराठवाड्यातले. मालक चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. त्यांचं नाव मी घेत नाही, इथेही ‘हे’ असंच लिहिते. मी सकाळी पुनावळ्यातल्या सोसायट्यांत पोळ्या करायला जाते. त्यातलं एक घर डॉक्टर मॅडमचं. मॅडम एका मेडिकल कॉलेजात शिकवतात. एकट्याच असतात, पोळ्या दोनच लागतात, पण गरम लागतात.

मी कुणाशी फार बोलत नाही. लोक म्हणतात मावशी शांत आहेत. शांत वगैरे काही नाही, मला भीती वाटते. आपण एक वाक्य बोललो की समोरचा काहीतरी विचारतो, आणि मग त्याचं उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा कणीक मळलेली बरी.

मॅडम मात्र फोनवर मोठ्याने बोलायच्या, आणि ओट्यापाशी मला सगळं ऐकू यायचं. त्यांनी एक लेख लिहून बाहेरदेशीच्या डॉक्टरांच्या मासिकाला पाठवला होता. तो छापून आला की त्यांना कॉलेजात वरची जागा मिळणार होती. लेख परत आला. त्यातलं डॉक्टरकीचं बरोबर होतं, थोडी दुरुस्ती सांगितली होती, पण रेफरन्स त्यांच्या पद्धतीने लावलेले नव्हते. ते नीट लावून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत परत पाठवा, नाहीतर लेख नव्याने आला असं धरू, असं त्यांनी कळवलं होतं. मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, “ओपीडी करू, परीक्षा घेऊ, की बसून टिंबं आणि स्वल्पविराम मोजू?”

रेफरन्स हा शब्द मला ठाऊक होता. आमची मुलगी पदवी झाल्यावर डांगे चौकाजवळ एका टायपिंगच्या दुकानात होती. तिथे कॉलेजच्या मुलांचे प्रबंध यायचे, आणि शेवटची रेफरन्सची पानं हीच लावायची. पुढे दुकानाच्या मालकाने तो गाळा मोबाईलवाल्याला दिला आणि ही घरी बसली. घरी बसली म्हणजे स्थळं बघा असं यांचं सुरू झालं. ती काही बोलायची नाही, पण जेवायची कमी.

मॅडमला हे सांगायला मला बरेच दिवस लागले. रोज ठरवायचे की शेवटची पोळी झाली की बोलू. शेवटची पोळी झाली की मी ओटा पुसायला घ्यायचे. एकदा चप्पल घालून झाली, दार उघडलं, आणि तोंडातून निघून गेलं.

“मॅडम, माझी मुलगी करते.”

“काय करते?”

“ते, रेफरन्स.”

मॅडमनी चष्मा काढला. “तुमची मुलगी? कुठल्या स्टाईलचे करते?”

आता मला काय माहीत. मी म्हटलं, “आकड्यांचे.”

त्या हसल्या. “मला आकड्यांचेच हवेत. उद्या घेऊन या तिला.”

लेक गेली, दोघींचं बोलणं झालं, मॅडमना पटलं. पण काम करायला घरी कॉम्प्युटर नव्हता. मॅडम म्हणाल्या, जुना लॅपटॉप घ्या, पैसे मी देते, या कामातून थोडे वळते होतील, उरलेले सावकाश द्या. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

यांना ते आवडलं नाही. जेवताना म्हणाले, “पोळ्या करणाऱ्या बाईला एवढे पैसे कोण देतं गं? उद्या हिचं काही चुकलं, लेख गेला, तर? पैसे तर द्यायचेच, आणि ते घरही जाणार.”

लेक म्हणाली, “पप्पा, नाही चुकणार.”

“कुणी ठरवून चुकतं का, बाळा?”

ते वाक्य माझ्या मनात जे बसलं ते दसरा होईपर्यंत उठलं नाही. मॅडमच्या घरी पोळी फुगली नाही तरी मला वाटायचं, हा काहीतरी अपशकुन आहे.

काम काय आहे ते लेकीने मला समजावून सांगितलं. डॉक्टर लिहितात ते मनाने लिहीत नाहीत. आधी कुणी ते तपासलं, कुठे छापलं, ते दाखवावं लागतं. लेखात जिथे ते आलं तिथे आकडा टाकायचा, आणि शेवटी त्याच आकड्यापुढे त्या माणसांची नावं, लेखाचं नाव, मासिकाचं नाव, साल आणि पानं.

“म्हणजे साक्षीदार,” मी म्हटलं.

“हो, साक्षीदारच. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. आद्याक्षरांच्या मध्ये टिंब नाही. सहा नावं द्यायची. त्याहून जास्त माणसं असली तर सहा झाल्यावर एट अल लिहायचं.”

“ते काय असतं?”

तिने विचार केला. “लग्नपत्रिकेत नसतं का? काका, मामा, आत्या, सगळ्यांची नावं झाली की शेवटी ‘आणि समस्त परिवार’. तसं.”

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं, आणि भीतीही नीट कळली. पत्रिकेत एका चुलत्याचं नाव राहिलं म्हणून आमच्याकडे भावकीतला एक माणूस मांडवात आला नव्हता. नाव कुठे, आधी कुणाचं, मग कुणाचं, यावरून माणसं आयुष्यभर बोलत नाहीत. आणि इथे तर एकेका ओळीत सहा-सहा परके लोक.

लेख होता बाळंतिणींच्या अंगात रक्त कमी होतं त्यावर. लेकीने सांगितलं तेव्हा मला जरा लाजल्यासारखं झालं. हिच्या वेळी मलाही दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तोंडाची चव जायची म्हणून मी त्या कधी घ्यायचे, कधी नाही. असल्या बायकांबद्दल एवढ्या लोकांनी एवढ्या देशांत लिहून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

मॅडमनी जुने छापलेले लेख पिशवी भरून दिले होते. वर्षानुवर्षं जमवलेले, काहींचे कोपरे पिवळे पडलेले. त्यातले बरेच आता कुठे मिळत नाहीत, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि एकच अट घातली होती, “माझ्या कागदांवर काही लिहू नका. पेन्सिलनेही नको.”

म्हणून लेकीने ते कागद घरभर मांडले. लेखात जो साक्षीदार पहिला आला तो पहिला, मग दुसरा, अशी रांग. पलंगापासून सुरू होऊन भिंतीकडेने, कपाटासमोरून, माझ्या ओट्याच्या खालपर्यंत. प्रत्येक गठ्ठ्यावर आकड्याची एक चिठ्ठी आणि ती उडू नये म्हणून वर वजन. वजनं माझ्याच स्वयंपाकघरातली. तूरडाळीचा डबा, खलबत्ता, मापटं, वाट्या. रोज डाळ घालताना मी आधी लेकीला विचारायचे, “डबा उचलू का?” आणि ती त्या जागी दुसरं काही ठेवायची.

पंखा बंद. ऑक्टोबरचं ऊन, पत्र्यावरून खाली उतरणारी धग, आणि पंखा बंद. हे रात्रपाळी करून यायचे आणि घामात झोपायचे. एकदा डोळे मिटूनच म्हणाले, “कंपनीत भट्टीजवळ याच्यापेक्षा बरं असतं.” आम्ही तिघं उंबऱ्यात बसून जेवायचो. मी रात्री पाय आखडून झोपायचे. झोपेत लाथ लागली आणि अमेरिकेतला कुणी जपानमधल्याच्या जागी गेला तर काय घ्या.

एकदा मी लेकीला विचारलं, हे आपोआप करणारं काही नसतं का? दुकानात होतं, ती म्हणाली. पण मॅडमनी फाईलमध्ये आकडे हाताने टाकले होते. आता एवढ्या कमी दिवसांत मध्येच ते बसवायला गेलं तर आहे तेही बिघडेल, अशी तिला धास्ती होती. हाताने घातलेली वीण हातानेच सोडवावी लागते. ते मला पटलं.

नवरात्र सुरू झालं. काम संपत आलं. लेकीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण जेवण वाढलं होतं. आणि खंडेनवमीच्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी मॅडमचा फोन आला. शेवटच्या वाचनात त्यांनी लेखातला एक परिच्छेद मागून उचलून पुढे आणला होता. लेखासाठी ते चांगलं होतं. पण त्या परिच्छेदातले साक्षीदारही त्याच्याबरोबर पुढे येणार, आणि मागचे सगळे सरकणार. पंगतीत मधल्या पाटावर कुणी येऊन बसलं की पुढची सगळी पंगत उठून एकेक पाट सरकते, तसं. लेक मला म्हणाली, “गठ्ठे सरकवले की झालं. आकडे मग त्यांच्यावरून बदलते. संध्याकाळपर्यंत होईल.” बदललेली पानं आणायला ती पुनावळ्याला गेली. मलाही सणामुळे जवळच एका घरी पुरणपोळ्या करायला बोलावलं होतं, मीही गेले.

त्या दिवशी कंपनीत मशिनींची पूजा असते. झेंडूचे हार, नारळ, पेढे, आणि दुपारून सुट्टी. हे पेढ्यांचा पुडा आणि उरलेले हार घेऊन घरी आले. घरात कुणी नव्हतं.

आम्ही आलो तेव्हा दोघी एकदमच आलो, लेक बसमधून उतरून आणि मी चालत. दार उघडलं तर पंखा चालू होता.

फरशी पुसलेली होती. एक कागद खाली नव्हता. डबे जागच्या जागी मांडणीत. आणि भिंतीपाशी चौरंगावर यांनी पूजा मांडली होती. त्यांचा पाना, त्यांची मोजपट्टी, माझं पोळपाट-लाटणं, लेकीचा लॅपटॉप मिटलेला, आणि त्याच्या शेजारी मॅडमचे सगळे कागद, एकावर एक, कडा जुळवून, चौकोनी. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू.

हे अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“हत्यारं आणि सरस्वती, दोन्ही मांडली यंदा,” म्हणाले. “पहिल्यांदा आपल्या घरात सरस्वती आली.”

लेक पिशवी हातात धरून उभी होती. “पप्पा, चिठ्ठ्या?”

“कसल्या चिठ्ठ्या?”

“गठ्ठ्यांवर होत्या त्या. आकडे लिहिलेल्या.”

“ते कपटे होय? झाडून काढले. सणाला घर नको का स्वच्छ?”

कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती.

लेक रडली नाही. ती म्हणाली, “बरं. लॅपटॉप द्या, फाईलमधून पुन्हा लावते.” आणि हात पुढे केला.

“हात लावायचा नाही.” यांचा आवाज चढत नाही, खाली जातो. “पूजेतलं हत्यार उद्या सोनं वाटून झाल्याशिवाय उचलायचं नाही. संध्याकाळी उचल.”

“उद्या संध्याकाळी मुदत संपते, पप्पा.”

“त्या गोऱ्यांना सांग, आमचा सण आहे.”

“त्यांना नाही कळत सण.”

“मग मलाही त्यांचं कळत नाही.”

हा माणूस हट्टी नाही. हे कुठून येतं ते मला माहीत होतं. तरुणपणी चिंचवडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये असताना, पूजा झालेल्या मशीनवर यांच्या जोडीदाराने “एकच पीस, भावा” म्हणून हात घातला, आणि बोटाचं पेर गेलं. तो माणूस नंतर कधी त्या मशीनजवळ उभा राहिला नाही. यांनी स्वतः त्याचा हात फडक्यात गुंडाळून रिक्षात बसवला होता. हे पूजा मांडतात ती देवाला आवडावी म्हणून नाही. लेकीची बोटं राहावीत म्हणून मांडली होती. हे मला कळत होतं, आणि लेकीचं जाणारं कामही दिसत होतं, आणि दोघांच्या मध्ये मी, जिला बोलता येत नाही.

तेवढ्यात घरमालकीण आजी हार मागायला आल्या. थेरगावातलं जुनं घर त्यांचं, शेती गेली, चाळी आल्या. चौरंगाकडे पाहून म्हणाल्या, “ह्यो डबडा बी पूजला व्हय? मग निवद दावा त्याला. खातो का न्हाई बगू.” हे हसले. कुणीतरी हसलं म्हणून मलाही हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, ते मी कांद्यावर ढकललं. कांदा चिरतच नव्हते.

त्या रात्रीचं काही लिहीत नाही. पंखा चालू होता आणि कुणी झोपलं नाही.

दसऱ्याला सकाळी आमच्याकडे पुऱ्या असतात. मी पुऱ्यांची कणीक भिजवली, गॅसवर तेल ठेवलं, चौरंगापाशी गेले, नमस्कार केला आणि लाटणं उचललं. पोळपाट उचललं. त्यांच्यावरचं फूल काढून खाली ठेवलं. दर वर्षी असंच करते. हे चहा पीत होते. त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. दर वर्षीच बोलत नाहीत.

मी पाच-सहा पुऱ्या लाटल्या. लाटता लाटता हात थांबला. मला काय सुचलं ते मी तेव्हा नीट शब्दात सांगू शकले नसते. हात धुतले, पदराला पुसले, परत चौरंगापाशी गेले, नमस्कार केला, लॅपटॉपवरचं फूल काढलं आणि लॅपटॉप उचलला.

“हे काय?” यांनी कप खाली ठेवला.

मी म्हटलं, “लाटणं उचललं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.”

“लाटण्याचं वेगळं आहे. लाटण्यावर घर जेवतं.”

पुढचं मला येतच नव्हतं. लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिले. तिकडे तेल तापून धूर यायला लागला होता आणि मी जाऊन गॅसही बारीक करू शकत नव्हते, कारण हातातलं खाली ठेवलं असतं तर पुन्हा उचललं नसतं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग लॅपटॉपकडे. स्वतः काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. मग उठून त्यांनीच गॅस बंद केला.

“उभी काय राहिलीस? दे तिला,” म्हणाले. “आधी नमस्कार करू दे म्हणावं.”

लेकीने नमस्कार केला, आणि बसली.

पण लॅपटॉप मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं नव्हतं. कागद एकावर एक झाले होते, आणि त्यांचे आकडे कचऱ्याच्या गाडीतून गेले होते. लेकीने फाईलमधून पहिलं आडनाव वाचलं. मी गठ्ठ्यातून कागद शोधायला लागले. मला इंग्रजी वाचता येत नाही, बसची पाटी आणि अक्षरं तेवढी ओळखते. पण इतके दिवस त्या कागदांना ओलांडून मी स्वयंपाक केला होता. कुठल्यावर मॅडमच्या चहाचा गोल डाग आहे, कुठला तूरडाळीच्या डब्याखाली होता, हे आठवत होतं. लेक अक्षरं सांगायची, मी डागांवरून शोधायचे, आणि अक्षरं बोट ठेवून जुळवायचे.

हे थोडा वेळ लांबून पाहत होते. मग येऊन मांडी घालून बसले. “असं नसतं,” म्हणाले. “कंपनीत एकाने नंबर बोलायचा, दुसऱ्याने माल बघून तोच परत बोलायचा. दोन्ही जुळले तरच खूण. मी परत बोलतो.”

मग तसं चाललं. लेक बोलायची, मी कागद द्यायचे, हे कागदावर बघून नाव, साल, पान परत बोलायचे. यांचं इंग्रजी ड्रॉइंगवरचं, आकडे पक्के, आडनावं मात्र काहीच्या काही. एका माणसाला यांनी ‘श्री. ओकोंकोकोबो’ केला. लेक हसायला लागली, आणि किती दिवसांनी हसली म्हणून मी रागावले नाही.

निम्म्याच्या पुढे गेल्यावर मी एक कागद अगदी खात्रीने दिला. खलबत्त्याखालचा. मला शंकाच नव्हती. यांनी परत बोलताना पान वेगळं बोललं. नाव तेच, साल तेच, पान दुसरं. त्याच माणसाने त्याच वर्षी दोन लेख लिहिले होते, आणि आमच्याकडे दोन्ही होते. मी चुकीचा दिला होता. आधी अशा किती चुका मी केल्या असतील? मी म्हटलं, “मला नको. मी उठते.”

“बस,” हे म्हणाले. “सापडली ना? सापडते म्हणूनच दोघं लागतात.”

म्हणून बसले. पण त्यानंतर प्रत्येक कागद देताना मी दोनदा बघत होते, आणि काम हळू झालं.

पुऱ्या दुपारी झाल्या, तेही थोड्याच. ऊन कलल्यावर लेकीने फाईल मॅडमना पाठवली. गल्लीत मुलं आपट्याची पानं घेऊन दारोदारी हिंडायला लागली होती. मॅडमचा फोन आला की लेख पाठवला. मी लेकीला विचारलं, “काय म्हणाल्या?” ती म्हणाली, “पोचला म्हणाल्या.” एवढंच. बरोबर की चूक, ते कळायला आता महिने लागणार होते.

आणि दिवसभराच्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं ते मी कागद आवरताना पाहिलं, की पूजेत सगळ्यात वर होता त्या कागदावर, नावांच्या अगदी खाली, यांच्या बोटाचं कुंकू होतं. त्याच्याखालच्यावरही जरासं उतरलं होतं. पेन्सिलनेही नको म्हणाल्या होत्या.

पुसायचा विचार केला. ओल्या फडक्याने पसरलं असतं. हे म्हणाले, “देवाचं आहे, त्याला काय?” पण आवाजात जोर नव्हता. दुसऱ्या दिवशी पुनावळ्याला जाताना बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि उतरायचा थांबा येऊच नये असं वाटत होतं. मनात वाक्यं जुळवत होते. मॅडम, घरात पूजा होती. मॅडम, मालकांच्या हातून झालं. त्यातलं एकही मॅडमसमोर आलं नाही. मी पिशवीतून तो कागदच काढून पुढे धरला.

मॅडमनी चष्मा लावला, बघितलं.

“हे काय लागलंय, मावशी?”

“कुंकू. खंडेनवमीचं.”

त्यांनी तो कागद खिडकीपाशी नेला. मला वाटलं, आता पोळ्यांचं सांगतील, उद्यापासून येऊ नका. ओट्याला हात टेकून मी उभी राहिले.

“हा माझ्या सरांचा लेख आहे,” त्या म्हणाल्या. “मला शिकवलं त्यांनी. आता नाहीत.” मग, “पुसू नका. पसरेल.” आणि तो कागद त्यांनी बाकीच्यांत न ठेवता वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. रागावल्या की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पोळ्या दोनच खाल्ल्या, रोजच्यासारख्या.

दिवाळी गेली. थंडी पडली, पंखा आपोआपच बंद झाला. मॅडमचा फोन वाजला की माझं लाटणं थांबायचं. एकदा त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“लेखाचं उत्तर आलं, मावशी. एक तक्ता बदलायला सांगितलाय.”

“आणि आमचं?”

“रेफरन्सबद्दल एक अक्षर नाही.”

मला धसका बसला. “म्हणजे त्यांनी बघितलंच नाही का?”

“चुकलं असतं तर बघितलं असतं,” मॅडम म्हणाल्या. “बरोबर असलं की कुणी काही लिहीत नाही.”

घरी येऊन मी यांना तसंच सांगितलं. हे म्हणाले, “आमच्याकडेही तसंच. माल परत आला नाही की समजायचं.”

तक्ता बदलून लेख गेला आणि पुढे छापून आला. मॅडमच्या कॉलेजातल्या आणखी डॉक्टरांनी लेकीला कामं दिली. आता ती आपोआप करणारं शिकली आहे, घरभर कागद लागत नाहीत. पण शेवटचं वाचन अजून दोघांनी होतं, ती बोलते आणि हे सुट्टीच्या दिवशी परत बोलतात. आडनावं अजून तशीच. स्थळांचं बोलणं बंद झालंय असं नाही, पण आता हे आधी विचारतात, मुलाच्या घरी टेबल ठेवायला जागा आहे का.

लॅपटॉपचे पैसे मात्र सावकाशच फिटले. काही कामातून वळते झाले, काही लेक थोडे थोडे माझ्या हातात द्यायची आणि मी नेऊन द्यायचे. दर वेळी वाटायचं की मॅडम विसरल्या असतील तर बरं, आणि लगेच वाटायचं की विसरल्या नसतील तर बरं. शेवटचे द्यायच्या दिवशी मी लेकीला म्हटलं, तूच चल. ती म्हणाली, “नाही आई. दारात उभी राहून तूच बोलली होतीस.”

मॅडम घाईत होत्या, डबा भरून हवा होता. मी पाकीट ओट्यावर ठेवलं, पिठापासून लांब.

“हे शेवटचे, मॅडम. मोजून घ्या.”

“तुम्ही मोजलेत ना?”

“दोघांनी.”

त्यांनी पाकीट न उघडता पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, “झालं मग. फिटले.” मी पातेल्यात कणीक घेतली, मीठ टाकलं, आणि पाणी घालायच्या आधी थोडा वेळ तशीच उभी राहिले.